वैनगंगेकाठचे पूर्वज आणि एडिंबऱ्याचा कायदा

१८९२ साली एडिंबरा नगरीत स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या महासभेने एक लहानसा स्पष्टीकरणात्मक कायदा संमत केला. त्याची कलमे थोडी होती आणि भाषा सावध होती. त्यावरून माजलेला वाद मात्र असा कडाक्याचा होता की, पुढच्याच वर्षी काही पाद्री आपल्या अनुयायांसह चर्चमधून फुटून निघाले आणि त्यांनी निराळा पंथ स्थापन केला. वैनगंगेच्या खोऱ्यात, धानाच्या बांध्यांत आणि बोड्या-तलावांच्या पाळींवर ज्यांचे आयुष्य सरले, अशा भंडारा जिल्ह्यातील लाखो माणसांच्या मरणोत्तर गतीचा प्रश्न त्या कलमांपैकी एकात अंतर्भूत होता, याची वार्ता त्या माणसांना असण्याचे कारणच नव्हते; आणि महासभेत हात वर करणाऱ्यांपैकीही फारच थोड्यांनी भंडाऱ्याचे नाव ऐकले असावे. तथापि ज्या मिशनने १८४५ सालापासून नागपुरास बस्तान बसविले आणि पुढे भंडाऱ्यासही आपले ठाणे केले, ते मिशन याच चर्चचे. म्हणून या कायद्याची हकीकत आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात मोडते, असे समजून मी ती येथे सांगतो.

फ्री चर्चचा प्रत्येक पाद्री दीक्षा घेताना ज्या दस्तऐवजावर आपली संमती नोंदवीत असे, तो 'वेस्टमिन्स्टरचा श्रद्धालेख' सतराव्या शतकातला, इंग्लंडमधील यादवीच्या धामधुमीत तयार झालेला आणि १६४७ साली स्कॉटलंडने स्वीकारलेला. त्याच्या दहाव्या प्रकरणात असे प्रतिपादन आहे की, ख्रिस्ती धर्माचा अंगीकार ज्यांनी केलेला नाही अशांचा उद्धार संभवत नाही, मग त्यांनी आपले जीवन निसर्गदत्त प्रकाशाच्या आणि स्वधर्माच्या नियमांना अनुसरून कितीही कसोशीने घालविलेले असो. या वाक्याला क्रूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्यांनी ते लिहिले ते क्रूर नव्हते, ते तर्कनिष्ठ होते. मनुष्यमात्र पतित आहे, उद्धार ही कोणाची मिळकत नसून निव्वळ ईश्वरी कृपेची देणगी आहे, आणि ती देणगी ख्रिस्ताच्या द्वारेच प्राप्त होते, ही तीन विधाने एकदा मान्य केली म्हणजे चौथे विधान आपोआप पदरी पडते. अडचण एवढीच की, ते चौथे विधान ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यावर समन्स बजावलेले नसते, त्यांची कैफियत घेतलेली नसते, आणि तरी एकतर्फी हुकूमनामा होऊन त्याची अंमलबजावणी अनंतकाळ चालणार असते. अशा निकालाविरुद्ध आमच्याकडचा साधा मालगुजारही नागपुरापर्यंत अपील केल्यावाचून राहिला नसता.

अपील करणारे खुद्द ख्रिस्ती जगातही पुष्कळ होऊन गेले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने अरण्यात वाढलेल्या एका माणसाची कल्पना करून, तो जर विवेकाने वागला तर ईश्वर त्याला अंतःप्रेरणेने किंवा एखादा उपदेशक पाठवून आवश्यक ते ज्ञान देईलच, असा मार्ग काढला. त्याच्या मागोमाग दान्तेने आपल्या महाकाव्याच्या स्वर्गखंडातील एकोणिसाव्या सर्गात हा प्रश्न घातला, तेव्हा उदाहरणादाखल त्याला जो माणूस सुचला तो आपल्या देशातला, सिंधू नदीच्या तीरावर जन्मलेला: तेथे ख्रिस्ताचे नाव सांगणारा कोणी नाही, त्याचे आचरण निर्दोष आहे, तो बाप्तिस्म्यावाचून मरतो, मग त्याचा अपराध कोणता? दान्तेने प्रश्न निर्भयपणे विचारला आणि उत्तर देताना मनुष्यबुद्धीच्या तोकडेपणाकडे बोट दाखविले. कवीने असे करावे हे क्षम्य आहे. पण धर्मप्रसारकाला ती सोय नसते, कारण त्याच्यापुढे प्रश्न विचारणारा प्रत्यक्ष उभा असतो आणि तो माणूस स्वतःविषयी विचारीत नसून आपल्या बापाविषयी विचारीत असतो. फ्रीझिया देशाचा राजा रॅडबॉड याची आख्यायिका प्रसिद्धच आहे. बाप्तिस्म्यासाठी पाण्यात एक पाऊल टाकल्यावर त्याने आपले पूर्वज कोठे आहेत अशी पृच्छा केली, आणि नरकात आहेत हे उत्तर मिळताच पाऊल मागे घेतले. ही आख्यायिका खरी असो वा नसो, फ्रान्सिस झेवियरचा अनुभव मात्र त्याने स्वहस्ते लिहून ठेवलेला आहे. १५४२ साली गोव्यास उतरलेला हा धर्मवीर पुढे जपानला गेला, आणि तेथील नवख्रिस्ती लोक आपल्या मृत आईबापांची सुटका प्रार्थनेने किंवा दानाने काही होईल का, असे विचारीत आणि नाही असे ऐकून रडत, असे त्याने १५५२ च्या पत्रात नमूद केले आहे. आपल्या प्रियजनांना असे रडताना पाहून आपल्यालाही दुःख होते, हेही त्याने लपविलेले नाही. त्याच गोव्यात पुढे फादर स्टीफन्सने १६१६ साली मराठी ओवीत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले ते का, याचा उलगडा येथे थोडाबहुत होतो. ज्यांचे जुने पुराण काढून घेतले त्यांना आदिपुरुषापासूनचे दुसरे पुराण, म्हणजे एका अर्थी दुसरे पूर्वज, देणे भाग होते.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. भंडाऱ्यात मृत माणूस घरातून जातो, पण कुटुंबातून जात नाही. कुणबी, पोवार, तेली, कोष्टी, ढिवर, कोणत्याही जातीच्या घरी पाहावे, पितृपंधरवड्यात त्याचे पान वाढले जाते आणि अक्षय्य तृतीयेला, जिला आमच्याकडे अखाजी म्हणतात, त्याच्या नावाने पाण्याचा घडा भरला जातो. नांगरटीचा नवा हंगाम आणि पितरांची तहान यांची तिथी एकच आहे. गोंडांमध्ये हा संबंध याहूनही निकटचा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात एका विधीचे वर्णन आहे: मृत्यूनंतर आप्तेष्ट नदीवर जातात, मृताचे नाव घेऊन मोठ्याने हाका मारतात, पाण्यात उतरून हाती लागेल तो मासा किंवा कीटक धरतात आणि त्याला घरी आणून घरच्या पूज्य पूर्वजांमध्ये ठेवतात, म्हणजे गेलेला जीव परत आला अशी त्यांची भावना असते. ज्या समाजात मेलेल्याला हाक मारून परत आणण्याची रीत आहे त्याला 'तुझे पूर्वज अशा ठिकाणी आहेत की तेथून परतणे नाही' असे सांगणे म्हणजे तत्त्वज्ञानातला एक मुद्दा सांगणे नव्हे. घरातील अर्धी माणसे हद्दपार करण्याचा तो हुकूम होय. मिशनरी लोकांनी जातिसंस्थेला, ब्राह्मणांच्या वर्चस्वाला आणि राजाच्या विरोधाला आपल्या अपयशाचे कारण मानले आहे. ती कारणे खोटी नाहीत, पण त्यांच्या यादीत पितरांचे नाव फारच क्वचित आढळते, याचे मला नवल वाटते.

या बाबतीत अपवाद म्हणून ज्याचे स्मरण करावे तो स्टीफन हिस्लॉप. १८४४ च्या अखेरीस तो मुंबईस आला, पुढच्या वर्षी कामठी-नागपुरास पोचला, १८४६ साली त्याने शाळा काढली, आणि मराठ्यांचे राज्य खालसा होण्यापूर्वीची भोसल्यांची नागपूर नगरी त्याने डोळ्यांनी पाहिली. श्रद्धालेखावर संमती नोंदवून आलेला हा फ्री चर्चचा पाद्री, दगडांचा आणि जीवाश्मांचा नादी. परंतु त्याचे सर्वांत मोठे काम म्हणजे त्याने गोंडांकडून, विशेषतः त्यांच्या परधान गायकांकडून, टिपून घेतलेली लिंगोची गाथा. त्याच्या मृत्यूनंतर मध्यप्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याने १८६६ साली त्याचे कागद संपादून छापले म्हणून ती आज उपलब्ध आहे. त्या गाथेत महादेव गोंडांवर रुष्ट होऊन एका खारीच्या मिषाने त्यांना गुहेत लोटतो, तोंडावर प्रचंड शिळा बसवितो आणि राक्षसाला पहाऱ्यावर ठेवतो; केवळ चौघे निसटतात आणि काचीकोपा लोहागडाच्या वाटेने जाताना त्यांना लिंगो भेटतो; मग लिंगो तप करतो, महादेवाने मागितलेली पक्ष्याची पिले आणण्यासाठी त्या पिलांना गिळणाऱ्या भयंकर सर्पाला मारतो, आणि शेवटी महादेवाला शिळा हटवून कोंडलेल्यांना मुक्त करावे लागते. सालेकसा तालुक्यातील कचारगडची विशाल गुहा हीच ती, असे आज गोंड समाज मानतो आणि माघ पौर्णिमेस तेथे यात्रा भरते. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा निघेपर्यंत ही गुहा भंडारा जिल्ह्याच्याच दप्तरी होती.

अंधारात कोंडलेले पूर्वज, तोंडावरची शिळा, आणि त्यांना सोडविण्यासाठी खाली उतरणारा एक तारक. ख्रिस्ती लोकांच्या एका फार जुन्या श्रद्धावचनातही ख्रिस्त मरणानंतर मृतलोकात उतरला असे म्हटले आहे, आणि तेथे वाट पाहत असलेल्या आदिपुरुषांना त्याने बाहेर काढले, हे चित्र मध्ययुगीन युरोपातील मंदिरांच्या भिंतींवर शेकडो ठिकाणी रंगविलेले आहे. हिस्लॉपने लिंगोची गाथा लिहून घेताना हे साम्य त्याच्या मनात आले की नाही, हे सांगता येत नाही. स्कॉटिश सुधारणावाद्यांना तो मध्ययुगीन अर्थ फारसा रुचत नसे. हिस्लॉपच्या मरणाची हकीकत मात्र विलक्षण आहे. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील शिळावर्तुळे, म्हणजे ख्रिस्तजन्मापूर्वी शेकडो वर्षे विदर्भात नांदलेल्या लोकांच्या समाध्या, पाहण्यासाठी तो टेंपलबरोबर गेला होता. वाटेत बोरी येथील शाळेची तपासणी करून रात्री परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात तो वाहून गेला. ज्यांनी त्याच्या धर्माचे नाव ऐकणे शक्यच नव्हते, अशा माणसांची उत्तरक्रिया समजून घेण्यात त्याचा अखेरचा दिवस गेला, एवढे खरे.

दरम्यान राज्य बदलले होते. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि पुढल्या वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. नागपूरहून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग १८८० च्या सुमारास तुमसरपर्यंत आणि लवकरच राजनांदगावापर्यंत गेला. रूळ आले, तार आली, आणि अठराशे नव्वदच्या दशकात दुष्काळही आला. १८९१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४२ हजार होती, ती १९०१ साली ६ लाख ६३ हजारांवर आली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या रोगराईने केलेली ही घट. धानाचा मुलूख पाण्यावर जगतो, आणि पाऊस ऐन गर्भाच्या वेळी गेला म्हणजे तलावही किती पुरणार? या दहा वर्षांत जे गेले त्यांच्यापैकी कितीजणांनी मिशनऱ्याचा शब्द ऐकला होता? एखाद्याने बाजारात पाद्र्याचे प्रवचन वाट चालता चालता ऐकले असेल, एखाद्याच्या हाती फुकट वाटलेली पोथी पडली असेल आणि ती वाचता न आल्याने घरच्या चुलीत गेली असेल. यालाच का 'सुवार्ता पोचणे' म्हणावे? शास्त्रार्थात 'ज्यांनी ऐकले' आणि 'ज्यांनी ऐकले नाही' असे दोन स्वच्छ वर्ग करता येतात. जिल्ह्यात ते करता येत नाहीत.

योगायोग असा की, १८९२ चा कायदा याच दशकातला. त्यात फ्री चर्चने असे जाहीर केले की, जे बालपणी मरण पावतात ते नष्ट झाले असे मानण्याची कोणावर सक्ती नाही, आणि जे सुवार्तेच्या नित्य साधनांच्या पलीकडे आहेत त्यांच्यावरही ख्रिस्ताप्रीत्यर्थ ईश्वर आपल्या इच्छेप्रमाणे दया करू शकत नाही, असेही शिकविण्याचे बंधन नाही. नकारावर नकार रचून बांधलेले हे वाक्य आहे. त्यातून आश्वासन निघत नाही, मनाई तेवढी उठते. अशाच आशयाचा ठराव स्कॉटलंडमधील युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चने १८७९ सालीच केला होता, आणि १९०० साली ही दोन्ही चर्चे एकत्र होऊन युनायटेड फ्री चर्च झाले, तेव्हा भंडाऱ्याचे ठाणे त्या नव्या नावाखाली गेले. स्कॉटलंडमध्ये हा बदल घडून आला त्याला तिकडची अनेक कारणे होती: बायबलची चिकित्सा, शिक्षेविषयी बदललेल्या कल्पना, नव्या पिढीची हळवी नीती. परंतु अर्धशतकभर हिंदुस्थान, आफ्रिका आणि चीनमधून जी पत्रे तिकडे जात राहिली, त्यांचाही त्यात वाटा असला पाहिजे असे मला वाटते. हजारो मैलांवरच्या अमूर्त विधर्म्याला नरकात धाडणे आणि ज्याच्या ओसरीवर बसून ताक प्यालो त्याला धाडणे, यांत अंतर आहे.

मराठी माणसांनी हे अपील तोपर्यंत आपल्या परीने चालविले होतेच. जॉन म्यूर याने १८३९ साली ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणारी 'मतपरीक्षा' संस्कृतात लिहिली तेव्हा सिहोरच्या पाठशाळेतील मराठी पंडित सुबाजी बापू यांनी सोमनाथ या नावाने तिला उत्तर दिले, त्याचा रोख असा की, ईश्वराने निरनिराळ्या लोकांसाठी निरनिराळे मार्ग नेमले असून ज्याने त्याने आपल्या मार्गाने जावे. नीळकंठशास्त्री गोरे या काशीच्या तरुण पंडिताचे उत्तर अधिक धारदार होते. जीवाला एकच जन्म, त्याआधी कर्म नाही, आणि त्या एका अल्प जन्मातील अपराधाला अंत नसलेली शिक्षा, हे दयाळू ईश्वराच्या कल्पनेत कसे बसते, असा त्याचा आक्षेप. इतिहासाची थट्टा पाहा: हाच गोरे १८४८ साली जौनपूर येथे ख्रिस्ती झाला आणि नेहेमिया गोरे या नावाने १८९५ साली मुंबईत वारला, परंतु नित्य शिक्षेचा सिद्धान्त त्याला ख्रिस्ती झाल्यावरही दीर्घकाळ छळीत राहिला. आक्षेप घेणारा पक्ष बदलून गेला तरी आक्षेप त्याच्याबरोबर गेला. अर्थात आपल्याकडे नित्यनरक कोणी मानलाच नाही असे मात्र म्हणू नये. मध्वाचार्यांच्या मतात काही जीव स्वभावतःच अंधतमसाला पात्र आहेत, आणि त्यांना तेथून सुटका नाही. पण तो निकाल जीवाच्या योग्यतेवर आहे, त्याच्या जन्मगावावर नाही.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाणाऱ्या गाडीत एक तरुण कवी बसला होता. गाडीचा तो मार्ग भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया असा आमच्या जिल्ह्याच्या अंगावरून जातो. डब्यातील एका युरोपीय गृहस्थाने त्याच्याशी काव्यशास्त्रविनोद केला, नव्या कराराची प्रत त्याच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. ते गृहस्थ कोण, याचा निर्णय आजवर झालेला नाही. भाकीत मात्र खरे ठरले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी कुटुंबावर काय ओढवले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त सांगितलेच आहे. येथे महत्त्वाची गोष्ट निराळी. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत, आणि मराठी संतांची वाणी त्यांच्या लेखी हिंदी ख्रिस्ती माणसाचा जुना करार होती. या भूमिकेचा परिणाम त्यांनी कोठे सूत्ररूपाने मांडला असो वा नसो, तो स्वयंसिद्ध आहे: ज्या सेतूवरून आपण पार झालो तो सेतू अग्नीत टाकता येत नाही. इस्राएलचे पूर्वज मृतलोकातून बाहेर काढले गेले असतील तर देहूचे का नाहीत? वेस्टमिन्स्टरला जे दोनशेपंचेचाळीस वर्षांनी, तेही नकारांच्या आडून, बोलता आले, ते टिळकांनी अभंगाच्या चालीवर सहज गाऊन टाकले. पंडिता रमाबाईंचे उदाहरण असेच. त्यांचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळात अन्नावाचून गेले, ते सनातनी तीर्थयात्रिक म्हणूनच गेले. रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, आणि चार वर्षांनी त्यांचा उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांवरचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला तो त्यांनी आपल्या आईच्या, लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या स्मृतीस अर्पण केला. तिचा प्रभाव आणि तिची शिकवण हाच आपल्या जीवनाचा प्रकाश, असा त्या अर्पणपत्रिकेचा आशय. जी बाई आपला प्रकाश आहे ती अंधारात आहे, असे मानून हे लिहिता येत नाही.

रोमन कॅथलिक पंथाने हीच गोष्ट १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत उघडपणे मान्य केली, की स्वतःच्या दोषावाचून ज्यांना सुवार्ता कळली नाही पण जे शुद्ध अंतःकरणाने ईश्वराचा शोध घेतात त्यांनाही मुक्ती मिळू शकते. प्रेस्बिटेरियनांचे मध्यप्रांतातील चर्च १९२४ च्या युनायटेड चर्चमार्गे १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाले; त्या विलीनीकरणाचा समारंभ नागपुरातच झाला. पूर्वजांच्या गतीचा प्रश्न अशा रीतीने वादाबाहेर गेला; सुटला की केवळ तहकूब झाला, हे पंडितांनी ठरवावे.

भंडाऱ्यात धर्मांतराची खरी लाट आली ती ख्रिस्ती मिशनची नव्हेच. १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा या जिल्ह्यातून गावेच्या गावे लोटली. त्या दिवशीच्या प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान सोडण्याची प्रतिज्ञा होती. म्हणजे पितरांशी असलेला जुना व्यवहार येथेही तोडावयाचा होता. पण बाबासाहेबांनी नागपूरचीच निवड का केली याचे जे कारण सांगितले त्यात सारे मर्म आहे: या भागात प्राचीन काळी नाग लोक राहत आणि बौद्ध धर्माचा प्रसार त्यांनी केला. तेरा वर्षांनी, १९६९-७० साली, पवनी येथे जगन्नाथ टेकडीचे उत्खनन होऊन ख्रिस्तपूर्व काळातील विशाल स्तूप बाहेर आला, आणि त्याच्या शिल्पांत नामनिर्देशासह कोरलेला मुचलिंद नाग निघाला. याच पवनीत महाक्षत्रप रूपिअम्म याचा छायास्तंभ, म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेला शिळास्तंभ, मिळालेला आहे, आणि याच पवनीच्या वैनगंगेच्या घाटांवर आजही पिंड पाडले जातात. एका नागशिल्पावरून आजच्या माणसांची वंशावळ सिद्ध होते असे कोणी पुरातत्त्ववेत्ता म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. परंतु मिशनऱ्याने भंडाऱ्याच्या माणसाला त्याचे पूर्वज मागे टाकून येण्यास सांगितले होते, तर बाबासाहेबांनी ते पूर्वज आधीपासूनच पुढे उभे आहेत असे सांगितले. आणि पहिल्याच्या शाळेत व दवाखान्यात जाऊन आलेली माणसे दुसऱ्याच्या मागे लाखांनी का गेली, याची इतर सर्व कारणे मोजून झाल्यावर हेही एक कारण हिशेबात धरावे लागते.